बदलत्या पावसात कोरडवाहू रान: सोयाबीन की तूर?

मराठवाड्यात विहिरीचा आधार नसलेलं चार-पाच एकर रान असलं की खरिपाआधी हाच प्रश्न पडतो. पूर्वी गेल्या वर्षीचा भाव बघून ठरवलं तरी भागायचं. आता पाऊस कोणत्या नक्षत्रात दगा देतो, ते आधी बघावं लागतं.

दगा दोन प्रकारचा. मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की आपल्याकडे पावसात खंड पडतो. एल निनोच्या, म्हणजे पॅसिफिक महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलेल्या वर्षी तिथली हवा वर चढते, आपल्यावर ती खाली दबते आणि ढग धरत नाहीत. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. पाऊस ३६ टक्के कमी. दुसरा दगा शेवटी. अरबी समुद्र तापल्यामुळे बाष्पाचा लोंढा एकदम येतो. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवरच्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या. परतीचा पाऊसही रेंगाळतो. वायव्य राजस्थानातून मान्सून निघण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खात्याने २०२० साली १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबर केली.

सोयाबीन या दोन्ही दग्यांच्या मधोमध सापडतं. जेएस-३३५ सारखा वाण ९५ ते १०० दिवसांचा. जूनअखेर पेरलं तर फुलं आणि कोवळ्या शेंगा ऑगस्टात, म्हणजे आश्लेषा-मघात. मुळं उथळ, फुलोरा थोड्या दिवसांत आटोपणारा. तीन आठवडे पाऊस नसला की हलक्या रानातल्या शेंगा पोचट राहतात, आणि मागून पाऊस आला तरी गेलेली फुलं परत येत नाहीत. त्यातून वाचलेलं पीक हस्तात काढायला यावं, तर वर पाऊस आणि खाली चिखल. उभ्या शेंगांत कोंब फुटलेले बघणं फार वाईट असतं. वर्षभराचा खर्च तिथंच कुजत असतो.

तुरीचं सोटमूळ खोल जातं. दीडशे-एकशे साठ दिवसांच्या बीडीएन-७११ या वाणाला ऑगस्टचा खंड सहसा मारत नाही, कारण तिचा फुलोरा पावसाळा ओसरताना येतो. एक बहर गळला तरी ओल असेल तर दुसरा धरते. पण साचलेलं पाणी तिला सोसत नाही. सप्टेंबर २०२५ मधल्या पुरासारखा पाऊस झाला की चिबड रानातली तूर उभीच वाळते. नोव्हेंबरात समुद्रात कमी दाब तयार होऊन आभाळ आलं, धुकं पडलं, की फूलगळ आणि शेंगा पोखरणारी घाटेअळी ठरलेली. त्या दिवसांत फवारणीला हयगय करू नका.

पैशाचं म्हणाल तर २०२५-२६ चा हमीभाव सोयाबीनला ५,३२८ आणि तुरीला ८,००० रुपये क्विंटल. यावरून तूर लगेच सरस वाटते, पण सोयाबीन ऑक्टोबरात रान मोकळं करतं आणि त्या ओलीवर हरभरा येतो. तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत रान अडवते. म्हणून तुलना एकट्या सोयाबीनशी नको, सोयाबीन अधिक हरभरा अशी करा.

माझं मत असं. रान खोल काळं, ओल धरणारं असेल तर सोयाबीन घ्या, पण रुंद वरंबा-सरीवर. खंडात वरंब्यात ओल टिकते, अतिवृष्टीत सरीतून पाणी निघून जातं. मध्यम, उताराचं, निचऱ्याचं रान असेल तर तुरीचा वाटा वाढवा. एल निनोचा अंदाज असेल त्या वर्षी तर हलक्या रानात निव्वळ सोयाबीन पेरूच नका. ज्यांचं रान मधलं आहे आणि मन ठरत नाही, त्यांनी चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर घ्यावी. सोयाबीन निघालं की तुरीला हवा, ऊन आणि जागा मिळते. एक पीक गेलं तरी दुसरं हाती लागतं. या पद्धतीत हरभरा मात्र सोडावा लागतो.

काहीही घ्या, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा, म्हणजे चिखल ओसरून पेरणीजोगी ओल, येईपर्यंत तिफण रानात नेऊ नका.