मुक्कामी गाडी: एसटीच्या एका फेरीचे परीक्षण

स्वारगेट ते भोर या प्रवासाविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नाही, कारण एसटी नसती तरी हा मार्ग कोणीतरी चालवलाच असता. मला लिहायचे आहे ते भोरच्या पुढच्या गाडीविषयी. ती सायंकाळी स्थानकातून सुटते, हिरडस मावळातल्या शेवटच्या गावी रात्री मुक्कामाला थांबते आणि पहाटे तिथूनच परत निघते. आजोळी जाण्यासाठी ही गाडी मी अनेक वर्षे वापरत आलो आहे, आणि सरकारने समाजात किती व कोणते काम करावे हा वाद निघाला की मला तीच आठवते.

गेल्या खेपेस पहाटेच्या फेरीत कॉलेजला निघालेली मुले होती, तालुक्याच्या दवाखान्यात जाणारे म्हातारे जोडपे होते, बाजाराला निघालेल्या बायका होत्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धे तिकीट, मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट, विद्यार्थ्यांना सवलतीचा पास; त्यामुळे पूर्ण भाडे मोजणारे मला धरून सात-आठ जणच असावेत. खासगी मालकाच्या मुनिमाने ही फेरी पहिल्याच महिन्यात बंद केली असती, आणि त्याच्या जागी तो चुकलाही नसता. “आजी, दम धरा, गाडी पुरती थांबू द्या,” असे म्हणून कंडक्टरने म्हातारीची पिशवी आधी उतरवून घेतली आणि मग तिला हात दिला. हे काम कोणत्याही नियमात लिहिलेले नाही, पण गाडी त्या गावापर्यंत गेली नसती तर त्याची वेळच आली नसती.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. पुढे १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने अशा महामंडळांवर दोन जबाबदाऱ्या टाकल्या: पुरेशी, किफायतशीर आणि सुसूत्र सेवा द्यायची, आणि कारभार मात्र व्यापारी तत्त्वावर करायचा. या दोन्ही गोष्टी पुणे–मुंबई मार्गावर एकत्र नांदू शकतात, मुक्कामी गाडीत नांदत नाहीत. म्हणून वर्षानुवर्षे चालत्या मार्गांच्या कमाईतून आडगावच्या फेऱ्यांचा तोटा भरून काढला गेला. ही व्यवस्था वाईट नव्हती, पण ती झाकलेली होती. लोकांना दिसला तो फक्त तोट्याचा आकडा; तो कशापायी झाला, हे कुणी पाहिले नाही.

सरकार बाजूला झाले तर काय होते, याचा नमुना २०२१–२२ च्या संपात पाहायला मिळाला. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करावे, ही कर्मचाऱ्यांची मागणी होती आणि संप काही महिने चालला. त्या काळात शासनाने खासगी गाड्यांना प्रवासी नेण्याची मुभा दिली. मोठ्या शहरांच्या मार्गांवर गाड्या लगेच उभ्या राहिल्या. आमच्या आजोळी एकही आली नाही. तिथले लोक जीपने, दुचाकीवर मागे बसून किंवा चालत भोरला पोहोचले. मुभा दोन्हीकडे सारखीच होती, फरक प्रवाशांच्या खिशाचा होता.

म्हणून सगळेच सरकारने चालवावे, असे मात्र मला वाटत नाही. विलीनीकरणाची मागणी शासनाच्या समितीने नाकारली, ते मला योग्य वाटले. कर्मचाऱ्यांचे वेतन वेळेवर व्हायलाच हवे, पण त्यासाठी गाडीचे वेळापत्रक मंत्रालयाच्या फायलीत अडकवण्याची गरज नाही. सरकारचे खरे काम निराळे आहे: कोणत्या गावाला दिवसातून किमान किती फेऱ्या मिळतील ते ठरवणे, त्यांचा तोटा अर्थसंकल्पात उघडपणे मांडणे आणि सवलतींची प्रतिपूर्ती वेळेवर देणे. फेऱ्या मग डेपोने आखाव्यात.

दुसरे काम नियंत्रकाचे. एका दिवाळीत एका खासगी ट्रॅव्हल्सवाल्याने माझ्याकडून नेहमीच्या अडीचपट भाडे घेतले होते. एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा अधिक खासगी बसभाडे घेता येणार नाही, असे शासनाने २०१८ मध्ये ठरवले आहे, हे मला नंतर कळले. नियमाची अंमलबजावणी कशी होते ते त्या दिवशी दिसलेच, पण नियमाची रचना लक्षात घ्यावी: एसटीचे भाडे हेच त्यातले माप आहे. एसटी बंद झाली, तर दीडपट कशाची काढायची? मध्य प्रदेशाने आपले परिवहन महामंडळ गुंडाळले होते. २०२५ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाला नव्या नावाने सार्वजनिक बससेवा उभारण्यास मंजुरी द्यावी लागली.

जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. पुण्याहून मुंबईला जाताना मी आता रेल्वेचेही भाडे पाहतो, आणि स्वस्त व सोयीचे असेल ते घेतो. भोरच्या पुढे जाताना मात्र तुलना करायला दुसरे काही नसते. त्या फेरीला मी पाचपैकी साडेचार गुण देतो. अर्धा राखून ठेवला आहे तो तिचा खर्च अजून कुठल्याही पानावर वेगळा लिहिलेला सापडत नाही म्हणून.