कुणाचं फायबर घ्यावं: गल्लीतल्या केबलवाल्याचं की मोठ्या कंपनीचं?

सांगलीच्या विश्रामबागेत, मार्केट यार्डात किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत छोटं ऑफिस असलं की नेटसाठी दोन दारं असतात. एक देशभर जाळं असलेल्या मोठ्या कंपनीचं, दुसरं सांगली-मिरजेपुरतं काम करणाऱ्या स्थानिक फायबरवाल्याचं. स्पीड आणि दरात मी शिरत नाही. ५० किंवा १०० एमबीपीएस दोन्हीकडे मिळतं, आणि कोटेशन, जीएसटी रिटर्न, टॅलीसाठी ते पुरून उरतं. मी दोन्ही जोडण्या वापरल्या आहेत, आणि निवड केली ती एकाच प्रश्नावर: आपल्याच प्रोव्हायडरच्या दुसऱ्या ग्राहकाचा पीसी व्हायरसनं बाधित झाला आणि त्यातून स्पॅम सुटू लागला, तर हा प्रोव्हायडर काय करतो?

दुसऱ्याच्या पीसीचा आपल्याला ताप का, तर पत्ता एकच असतो म्हणून. इंटरनेटवर जोडणी ओळखली जाते ते जुन्या पद्धतीचे आकडी पत्ते, म्हणजे आयपीव्ही४, अपुरे पडतात, त्यामुळे एका सार्वजनिक पत्त्यामागे प्रोव्हायडर अनेक ग्राहक बसवतो. त्यासाठी १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पत्त्यांचा पट्टा २०१२ मध्ये खास राखून ठेवला गेला. तुमच्या राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’समोर या पट्ट्यातला आकडा दिसला, तर तुम्ही सामायिक पत्त्यावर आहात. मग शेजारच्या रानातलं तण वेळेत उपटलं नाही की त्याचं बी आपल्या रानात पडतं, तसं होतं. बाधा त्याच्या पीसीला, आणि काळ्या यादीत, म्हणजे मेल सर्व्हर ज्यांचा मेल नाकारतात त्या पत्त्यांच्या यादीत, पत्ता सगळ्यांचा.

इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी. तुम्ही फक्त जीमेलच्या वेबपानावरून किंवा मोबाइल ॲपवरून मेल पाठवत असाल, तर या यादीचा तुम्हाला सहसा त्रास होत नाही, कारण बाहेर जाताना मेल गूगलच्या सर्व्हरच्या पत्त्यावरून जातो. त्रास होतो तो स्वतःचं डोमेन स्वस्त होस्टिंगवर ठेवून आउटलुक किंवा थंडरबर्डमधून मेल पाठवणाऱ्यांना. अशा होस्टिंगचे काही सर्व्हर पासवर्ड बरोबर असला तरी आधी तुमचा पत्ता यादीशी ताडतात आणि ५५० चा एरर देऊन मेल परत करतात. ऑफिसात स्वतःचा मेल सर्व्हर असेल, तर विचारायलाच नको. हळदीच्या हंगामात बाहेरगावच्या पार्टीला दिलेला भाव दुपारी परत येतो आणि ते संध्याकाळी कळतं. तोवर सौदा दुसरीकडे झालेला असतो.

यादी कोणती, हेही बघावं. अशा याद्या चालवणाऱ्या स्पॅमहाउसच्या साइटवर आपला सार्वजनिक पत्ता टाकला की नाव दिसतं. ‘पीबीएल’ दिसलं तर घाबरायचं कारण नाही. घरगुती आणि ऑफिसच्या जोडण्यांवरून थेट मेल सुटणं अपेक्षित नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘एक्सबीएल’ दिसलं तर त्या पत्त्यामागे कुठलं तरी यंत्र बाधित आहे किंवा त्याचा ताबा दुसऱ्याकडे आहे. तिथून नाव काढून घेता येतं, पण मूळ यंत्र साफ झालं नाही तर पत्ता पुन्हा आत जातो. ते यंत्र कोणतं हे फक्त प्रोव्हायडर शोधू शकतो. मी जबाबदारी म्हणतो ती हीच.

आता मोठ्या कंपनीचं जे चांगलं आहे ते मोकळेपणानं सांगतो. माझ्या अनुभवात तिथे बाहेर जाणारा पोर्ट २५ (पोर्ट म्हणजे पत्त्यावरचं क्रमांकाचं दार) सुरुवातीपासून बंद होता. पीसीत शिरलेला स्पॅमचा प्रोग्राम याच पोर्टवरून थेट समोरच्या मेल सर्व्हरला गाठतो. पोर्ट बंद, की तो आतच अडकतो. स्वतःचा मेल सर्व्हर नसेल तर ग्राहकाचं यात काही अडत नाही, कारण मेल पाठवायला ५८७ आणि ४६५ हे वेगळे पोर्ट आहेत आणि तिथे लॉगिन लागतं. अडतं ते एका ठिकाणी, झेरॉक्स मशीनच्या ‘स्कॅन टू मेल’मध्ये. मशीन बसवणाऱ्यानं सेटिंगमध्ये २५ ठेवलेला असतो, आणि जोडणी बदलली त्या दिवसापासून स्कॅन जात नाहीत. तिथे ५८७ घालायचा, स्टार्टटीएलएस (मेल गुप्त करून पाठवायची सोय) चालू करायचं, आणि जीमेलचं खातं असेल तर टू-स्टेप चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड टाकायचा. मशीन फार जुनं असेल तर नवं टीएलएस त्याला झेपत नाही. मग स्कॅन पीसीच्या फोल्डरमध्ये घेणंच बरं. या एका गैरसोयीसाठी पोर्ट २५ उघडा ठेवा, असं प्रोव्हायडरला सांगू नका.

राउटरच्या बाबतीतही मोठ्या कंपनीचं पारडं जड आहे. तिचा राउटर तिच्या ताब्यात असतो आणि फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, दूरून बदललं जातं. हे दूरचं दारही नीट राखावं लागतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत याच वाटेवरच्या हल्ल्यानं एका कंपनीच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर बंद पडले होते. तरीही कुणीतरी फर्मवेअरकडे बघतंय, हे महत्त्वाचं. स्थानिक फायबरवाला बाजारात मिळेल तो राउटर लावतो, ‘ॲडमिन, ॲडमिन’ तसंच ठेवतो आणि निघून जातो. शिवाय बऱ्याच छोट्या प्रोव्हायडरांकडे मुख्य यंत्र मायक्रोटिक कंपनीचं असतं. २०१८ मध्ये त्याच्या विनबॉक्स या राउटर सांभाळायच्या साधनातल्या चुकीमुळे जगभरातले लाखभराहून अधिक राउटर परक्यांच्या हाती गेले. दुरुस्ती एप्रिलमध्येच आली होती, ती लावली नव्हती एवढंच. म्हणून स्थानिक जोडणी घेतलीत तर पहिल्याच दिवशी चार कामं करा: ॲडमिन पासवर्ड बदला, रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटर हाताळणं) बंद, यूपीएनपी (आतल्या यंत्रांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिननं वाय-फाय जोडणं) बंद. दहा मिनिटांचं काम आहे.

एवढं सगळं मोठ्या कंपनीच्या बाजूनं असूनही मी तिथून निघालो, कारण तक्रारीच्या ॲपमध्ये तीनच चौकटी होत्या: नेट बंद, स्पीड कमी, बिल. ‘तुमचा पत्ता काळ्या यादीत आहे’ याला चौकटच नव्हती. पोर्ट २५ बंद असला तरी बाधित पीसी दुसऱ्या पोर्टवरून आपल्या धन्याशी, म्हणजे त्याला दूरून चालवणाऱ्याच्या सर्व्हरशी, बोलतच असतो, आणि एक्सबीएलमध्ये पत्ता त्या बोलण्यावरूनही जातो. म्हणजे पोर्ट बंद करून कंपनीचं काम संपलेलं नसतं. ‘स्पीड कमी’ खाली लिहिलं तर माणूस येतो, स्पीड टेस्ट लावतो, ९८ दाखवतो आणि ओटीपी मागतो. ओटीपी दिला की तक्रार निकाली. नाही दिला तर दोन दिवसांनी आपोआप निकाली. पुढच्या वेळी पहिल्यापासून सगळं. कॉल सेंटरला यादीचं नाव सांगितलं की राउटर बंद-चालू करायला सांगतात. त्यानं पत्ता बदलतो आणि मेल जाऊ लागतो, हे खरं. पण बाधित पीसी तिथेच असतो, आणि नव्या पत्त्याचीही काही दिवसांत तीच गत होते. आलेला माणूस सभ्य होता, त्याचा दोष नाही. हा प्रश्न घेऊन आत कुणाकडे जायचं, हे त्यालाही माहीत नव्हतं.

स्थानिकाकडे हेच काम एका फोनवर होतं, पण माहिती नेमकी द्यावी लागते. सामायिक पत्त्यामागे कोण होतं हे शोधायला सेकंदापर्यंतची वेळ आणि सोर्स पोर्ट, म्हणजे जोडणी ज्या पोर्टवरून निघाली तो क्रमांक, लागतो. यादीच्या पानावर वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले नाहीत तर प्रोव्हायडर भलत्याच तासाचा लॉग (जोडण्यांची नोंद) चाळत बसतो आणि ‘काही सापडलं नाही’ म्हणतो. दुपारी २ वाजून १० मिनिटांनी असं यूटीसीत लिहिलं असेल तर आपल्याकडे संध्याकाळचे ७ वाजून ४० मिनिटं. हे बरोबर दिलं की लॉगमध्ये माणूस लपत नाही. हिशेबाचा पीसी दिवसभर एकाच मेल सर्व्हरशी ५८७ वर बोलतो, तर बाधित पीसी मिनिटाभरात शेकडो अनोळखी पत्त्यांची दारं ठोठावतो. मग प्रोव्हायडर त्या ग्राहकाची लाइन थांबवतो, फोन करतो आणि पीसी साफ करून घ्यायला सांगतो. बहुतेक वेळा कारण एकच निघतं: विंडोज किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायला घातलेला क्रॅक.

दुसरा फायदा स्टॅटिक आयपीचा, म्हणजे फक्त आपल्यासाठीच्या, न बदलणाऱ्या पत्त्याचा. त्याचे पैसे वेगळे पडतात, पण घेतला की शेजाऱ्याच्या पापाचा वाटा आपल्याकडे येत नाही. स्वतःचा मेल सर्व्हर असेल तर रिव्हर्स डीएनएसही (पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) लावून घ्यावं लागतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल ते सगळ्याच पाठवणाऱ्यांकडून मागतं, सोबत मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे दाखवणारं एसपीएफ किंवा डीकेआयएमही, आणि दिवसाला ५००० च्या वर मेल असतील तर या तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारं डीमार्क. रिव्हर्सची नोंद पत्त्याच्या मालकालाच करता येते. माझ्याकडे स्थानिकानं ती त्याच दिवशी केली.

पण सगळे स्थानिक असे नसतात, हे मान्य. काहींकडे स्वतःचे पत्ते नसतात. ते वरच्या मोठ्या प्रोव्हायडरची लाइन घेऊन वाटतात, आणि त्यांना लॉगही दिसत नाही, पत्ताही बदलता येत नाही. हूइज शोधात आपला सार्वजनिक पत्ता टाकला की तो कुणाच्या नावावर आहे आणि गैरवापराच्या तक्रारीचा मेल कोणता, ते दिसतं. नाव तुमच्या फायबरवाल्याचं नसेल, तर वर लिहिलेला फायदा बराचसा मावळतो. दुसरी उणीव माणसांची. तिथे जाणकार एकच असतो, आणि तो लग्नाला गेला की काम थांबतं.

कायद्याचा आधार इथे फारसा नाही. दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८ चे नियम एसएमएस आणि कॉलवरच्या जाहिरातींसाठी आहेत, ईमेलसाठी नाहीत. आयटी कायद्याच्या कलम ६६अ मध्ये त्रासदायक मेलचा उल्लेख होता, ते कलम सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. कलम ७९ मधल्या अटी पाळल्या की ग्राहकाच्या मजकुराबद्दल प्रोव्हायडरला संरक्षण मिळतं. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, सर्ट-इननं, एप्रिल २०२२ मध्ये १८० दिवस लॉग ठेवायला आणि गंभीर घटना ६ तासांत कळवायला सांगितलंय. म्हणजे लॉग असतोच. तो उघडून बघायची इच्छा आहे का, एवढाच प्रश्न. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून बाधित यंत्रांची माहिती प्रोव्हायडरांना देतं आणि साफसफाईची साधनं फुकट देतं. ती माहिती ग्राहकापर्यंत पोचवणारा प्रोव्हायडर मला चांगला वाटतो.

म्हणून माझा कल असा. ऑफिसात जाणकार कुणी नसेल आणि मेल सगळा जीमेलवर असेल, तर मोठी कंपनी घ्या, पोर्ट आणि राउटरची काळजी तिथे आपोआप घेतली जाते. स्वतःचं डोमेन असेल, मेल परत आला की धंदा अडत असेल, तर स्वतःचे पत्ते असलेला स्थानिक बघा, स्टॅटिक आयपीसह. वर्षाचे पैसे एकदम भरू नका, तीन महिन्यांचे भरा. पहिल्या आठवड्यात हूइजमधल्या तक्रारीच्या पत्त्यावर एक साधा मेल टाका: ‘बाहेरचा पोर्ट २५ घरगुती ग्राहकांना बंद आहे का, आणि बाधित ग्राहकाचं तुम्ही काय करता?’ पोर्ट तुम्हीही तपासू शकता. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ आज्ञेला कुठल्याही मोठ्या मेल सर्व्हरचं नाव आणि पोर्ट २५ दिला की शेवटच्या ओळीत ‘फॉल्स’ यायला हवं (स्वतःचा मेल सर्व्हर चालवत नसाल तर). मेलचं उत्तर माणसानं लिहिलेलं आलं तर उरलेले नऊ महिने भरा. नुसता तक्रार क्रमांक आला, तर तीन महिने संपेपर्यंत दुसऱ्या दारी चौकशी करून ठेवा.