बुटाच्या खोक्यातली केमिस्ट्री : बोर्ड आणि सीईटी, दोन्ही देऊन झाल्यावर

बारावी सायन्स, राज्य मंडळ, सोबत सीईटी. केमिस्ट्रीच्या उजळणीसाठी जूनपासून परीक्षा संपेपर्यंत मी कार्डांचं खोकं वापरलं. या खोक्याचा निकाल आधीच सांगून टाकते: इनऑर्गॅनिकला पैकीच्या पैकी, फिजिकलला काठावर पास. ऑर्गॅनिक यात धरलेलं नाही, त्याचं तंत्रच वेगळं.

पद्धत जुनी आहे. सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाने १९७२ साली ती लोकांपुढे आणली. खोक्यात पाच कप्पे करायचे. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात, मग ते आधी चौथ्यात असो की पाचव्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, असं करत पाचवा महिन्यातून एकदा. म्हणजे जे येत नाही ते रोज समोर येतं आणि जे येतं ते वेळ खात नाही. मोबाइलवर हेच काम करणारी अ‍ॅप्स आहेत, पण अभ्यासाला मोबाइल हातात घेतला की अभ्यास सोडून सगळं होतं, हे वेगळं सांगायला नको.

खर्च जवळजवळ शून्य. बुटाचं खोकं, पुठ्ठ्याचे कप्पे आणि कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिका. फक्त पत्रिका निवडून घ्या. गुळगुळीत चकचकीत कागदावर बॉलपेन घसरतं आणि जेलपेनची शाई दोन दिवसांनीही बोटाला लागते. आत खरखरीत जाड कागद असलेल्या साध्या पत्रिका उत्तम. एका पत्रिकेतून चार कार्डं आरामात निघतात.

आता मुख्य मुद्दा. बालभारतीच्या बारावीच्या पुस्तकात सोळा धडे आहेत. पहिले सहा फिजिकल: घनावस्थेपासून केमिकल कायनेटिक्सपर्यंत. सात, आठ, नऊ हे इनऑर्गॅनिक: गट १६, १७, १८ ची मूलद्रव्यं, संक्रमण मूलद्रव्यं आणि कोऑर्डिनेशन संयुगं. हे तीन धडे म्हणजे घोकंपट्टी, असं क्लासपासून कट्ट्यापर्यंत सगळे सांगतात. ते निम्मंच खरं आहे. सल्फ्युरिक अ‍ॅसिड बनवायच्या कॉन्टॅक्ट प्रोसेसमध्ये उत्प्रेरक व्हॅनेडियम पेंटॉक्साइड, तापमान ७२० केल्विन, दाब २ बार. हे पाठच करावं लागतं, त्याला इलाज नाही. पण कार्डावर ‘क्युप्रिक आयनचा रंग कोणता?’ एवढंच लिहिलंत तर ते कार्ड एकदाही न चुकता पाचव्या कप्प्यात जातं आणि परीक्षेत काडीचा उपयोग होत नाही. त्याऐवजी ‘कॉपर सल्फेटचं द्रावण निळं, झिंक सल्फेटचं रंगहीन, असं का?’ हे लिहा. कॉपरमध्ये डी ऑर्बिटलमध्ये नऊ इलेक्ट्रॉन, एक जागा रिकामी, म्हणून डी-डी संक्रमण होतं, म्हणजे प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन एका डी ऑर्बिटलमधून दुसऱ्यात उडी मारतो. झिंकमध्ये दहा, जागाच नाही. मग त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरं कार्ड: ‘परमँगनेटमध्ये मँगनीज +७, डी मध्ये एकही इलेक्ट्रॉन नाही, तरी गडद जांभळा कसा?’ उत्तर चार्ज ट्रान्सफर, म्हणजे ऑक्सिजनकडून मँगनीजकडे इलेक्ट्रॉन जाणं. या दोन कार्डांनी मला रंगांच्या अख्ख्या तक्त्यापेक्षा जास्त शिकवलं.

सगळ्यात कामाचं कार्ड निकेलचं. एका बाजूला तीन नावं: निकेल टेट्राकार्बोनिल, टेट्राक्लोरोनिकेलेट आयन, टेट्रासायनोनिकेलेट आयन. प्रत्येकाचा आकार आणि चुंबकीय गुण सांगायचा. कार्बोनिलमध्ये निकेल शून्य अवस्थेत, डी ऑर्बिटल पूर्ण भरलेली, एसपी३ संकरण, टेट्राहेड्रल, प्रतिचुंबकीय (एकटा इलेक्ट्रॉन एकही नाही). क्लोराइडमध्ये निकेल +२, लिगँड (धातूला जोडलेला आयन किंवा रेणू) दुबळा, दोन इलेक्ट्रॉन एकटेच राहतात. आकार तोच टेट्राहेड्रल पण अनुचुंबकीय, चुंबकीय मोमेंट २.८३ बोर मॅग्नेटॉन. सायनाइडही +२ च, पण लिगँड दांडगा, इलेक्ट्रॉनांच्या जोड्या लागतात, डीएसपी२, सपाट चौकोनी, प्रतिचुंबकीय. हे कार्ड माझ्याकडे कितीतरी वेळा पहिल्या कप्प्यात परत आलं. ते पक्कं झालं त्या दिवशी नववा धडा निम्मा झाल्यासारखा होता.

यातला एक दोष कुणी सांगत नाही. हाताने केलेली कार्डं चेहऱ्याने ओळखू यायला लागतात. झेनॉन टेट्राफ्लुओराइडच्या कार्डाच्या कडेला कुणाच्या तरी पत्रिकेची सोनेरी वेल होती. ती दिसली की प्रश्न वाचायच्या आधीच तोंडातून ‘स्क्वेअर प्लॅनर’ निघायचं. सोनेरी वेलीचं उत्तर पाठ, झेनॉनचं नाही! म्हणून दिवाळीनंतर नक्षीवाली कार्डं साध्या कागदावर उतरवून घेतली आणि प्रश्नही फिरवले: आकार दिलेला, संयुग ओळखा.

फिजिकलचं गाडं मात्र खोक्यात बसत नाही. सूत्र कार्डावर लिहिता येतं, पण सूत्र येत नाही म्हणून फिजिकलमध्ये कुणाचे मार्क जात नाहीत. ते जातात एककांमध्ये, चिन्हांमध्ये आणि लॉग टेबलमध्ये. एन्थाल्पी किलोजूलमध्ये दिलेली असते, एन्ट्रॉपी जूलमध्ये, आणि आपण दोन्ही तशाच वजा करून मोकळे. त्यात फिजिक्सच्या पुस्तकात वायूने केलेलं काम धन आणि केमिस्ट्रीत वायूवर केलेलं काम धन. सकाळी फिजिक्स आणि दुपारी केमिस्ट्री केली की संध्याकाळी डोक्याचा भुगा. एवढ्यासाठी एक कार्ड जरूर करा, दोन्ही समीकरणं शेजारी-शेजारी.

बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. हा खरा फिजिकलचा पेपर. ०.१ मोलार अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा पीएच काढायचाय, वियोजन स्थिरांक १.८ गुणिले १० चा उणे ५ वा घात. बहुतेक जण वर्गमूळ काढायला आणि मग त्याचा लॉग घ्यायला बसतात. गरज नाही. वर्गमूळाखाली १.८ गुणिले १० चा उणे ६ वा घात. त्याचा लॉग बार ६ पॉइंट २५५३ (बार म्हणजे फक्त पूर्णांक उणे, पॉइंटनंतरचा भाग धनच). निम्मा केला की बार ३ पॉइंट १२७६, आणि ३ मधून ०.१२७६ वजा केले की पीएच २.८७. अँटिलॉगला हातही लावला नाही. बार विषम असला, म्हणजे १ मोलार अ‍ॅसिडमध्ये बार ५ आला, तर त्याला बार ६ करून पुढे १.२५५३ घ्यायचे आणि मग निम्मे: बार ३ पॉइंट ६२७७, पीएच २.३७. हे कार्ड वाचून येत नाही. पेन घेऊन, लॉग टेबल शेजारी उघडं ठेवून, पुन्हा पुन्हा करूनच हातात बसतं.

म्हणून फिजिकलची बरीचशी कार्डं डिसेंबरात बाद केली आणि त्यांच्या जागी वही आली. रोज जुन्या बोर्ड पेपरांमधली दोन-तीन न्यूमेरिकल्स, घड्याळ लावून. खोक्यात उरले ते फक्त आकडे: लॉग २ म्हणजे ०.३०१०, लॉग ३ म्हणजे ०.४७७१, स्फटिकात कणांनी व्यापलेली जागा म्हणजे पॅकिंग ७४, ६८, ५२.४ टक्के, विद्युतघटाच्या नेर्न्स्ट समीकरणातले ०.०५९२. सीईटीला हे आकडे सोन्याच्या मोलाचे ठरले. तिथे फिजिक्स-केमिस्ट्री मिळून ९० मिनिटांत १०० प्रश्न. मांडणी करत बसायला वेळच नसतो. पहिल्या क्रमाच्या अभिक्रियेला ९९.९ टक्के पूर्ण व्हायला साधारण दहा अर्धायुष्यकाल लागतात, हे माहीत असलं की पर्याय बघूनच खूण करता येते.

वेळेचं गणित मात्र धरून ठेवा. जानेवारीत प्रिलिम, जर्नलच्या सह्या आणि प्रॅक्टिकल एकदम अंगावर येतात. तेव्हा खोकं चार दिवस उघडलं नाही तर पहिले दोन कप्पे तुडुंब भरतात आणि बघूनच नको वाटतं. अशा वेळी नवीन कार्ड एकही करायचं नाही आणि चौथ्या-पाचव्या कप्प्याला हात लावायचा नाही, एवढा नियम पाळला तर गाडी रुळावर येते.

एखादा धडा ऑप्शनला टाकायचा विचार असेल तर बोर्डात ते खपतं. ७० मार्कांच्या पेपरात दोन, तीन आणि चार मार्कांच्या प्रश्नांना पर्याय असतात. सीईटीत ऑप्शन नाही, पण उणे गुणही नाहीत. आणि सुरुवात करणार असाल तर आठव्या आणि नवव्या धड्यापासून करा. सातव्याची कार्डं संख्येने सर्वात जास्त होतात आणि तिथूनच बहुतेकांचा उत्साह संपतो.