ब्रोमो ज्वालामुखी बघायला जाताय? प्रोबोलिंगोत टर्मिनलच्या आधी बसमधून उतरू नका

बाली करून पुढे जावामधला ब्रोमो बघायला जाणारे आपले लोक हल्ली बरेच वाढलेत, त्यातले जे पॅकेज न घेता स्वतःचं स्वतः जाणारेत त्यांच्यासाठी लिहितेय. सुराबायाहून प्रोबोलिंगोला बस मिळते, तिथल्या बायुआंगा टर्मिनलवरून हिरव्या मिनीबस वर चेमोरो लावांग गावात जातात, गाव अगदी ज्वालामुखीच्या जुन्या मोठ्या खळग्याच्या काठावर. एवढं सोपं आहे. पण आमच्या बसच्या कंडक्टरने टर्मिनल यायच्या आधीच "ब्रोमो ब्रोमो" ओरडत सगळ्या परदेशी लोकांना बॅगांसकट रस्त्यात उतरवलं. समोर एक ऑफिस, 'टुरिस्ट इन्फर्मेशन' अशी पाटी, भिंतीवर नकाशे, बघणाऱ्याला सरकारीच वाटावं.

आतला माणूस गोडबोल्या. पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि म्हणे आज ज्वालामुखीची अलर्ट लेव्हल वाढलीय, पब्लिक गाड्या बंद, आमच्या परमिटवाल्या गाडीनेच जावं लागेल. तिथे लाख रुपिया म्हणजे आपले साधारण साडेपाचशे रुपये, आणि बोलताना हे लोक हजार गाळूनच बोलतात. दोघांचे मिळून 'सेव्हन फिफ्टी' म्हणजे साडेसात लाख ठरलेलं, ते पैसे घेताना माणशी सेव्हन फिफ्टी झालं. नवरा हुज्जत घालायला लागला तर कॅल्क्युलेटर पुढे सरकवून म्हणे यात नॅशनल पार्कचं तिकीट, जीप, हॉटेल सगळं आलं. आपले आठ हजार गेले. पावतीवर फक्त 'ब्रोमो २ पॅक्स' (म्हणजे दोन माणसं) आणि रक्कम, ना गाडीचा नंबर ना हॉटेलचं नाव, तिकिटाचं तर सगळं तोंडीच.

मग ती परमिटवाली गाडी आली. तीच हिरवी मिनीबस! आम्हाला घेऊन सरळ टर्मिनलवर गेली, तिथे भाजीच्या पोत्यांसकट गावची माणसं भरली आणि निघाली वर. पार्कच्या गेटवर पावती बघून गार्ड हसला, परदेशी माणसाला माणशी दोन लाख रुपियाच्या वर तिकीट आहे, ते वेगळं भरावं लागलं. हॉटेलात आमच्या नावाचं बुकिंगच नाही, आणि पहाटेची जीप तर आलीच नाही. दुसरीकडे खोली घेतली तिथल्या मालकीणबाई म्हणाल्या असे फसलेले लोक नेहमी येतात.

गंमत म्हणजे जीप लागतच नाही. पेनांजाकानच्या डोंगरावरून सूर्योदय बघायचा असेल तर लागते, पण गावातून वाळूच्या पठारावर उतरून चालत तासाभरात विवराच्या पायथ्याशी पोहोचता येतं, मग अडीचशेच्या आसपास पायऱ्या. वर काठावर चक्क गणपती आहे, गंधकाच्या वासाने नाक झोंबत असतं आणि समोर बाप्पा! इथले तेंगेर लोक हिंदू, कसादाच्या यात्रेत विवरात कोंबड्या-बोकड अर्पण करतात, आमचा बकरा मात्र खाली प्रोबोलिंगोतच झाला.

परत येताना त्या ऑफिसात गेलो तर दुसराच माणूस, "तो इथे काम करत नाही". आधीच्या माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवर आम्हाला ब्लॉक करून ठेवलेलं.

अलर्टचं म्हणाल तर 'मॅग्मा इंडोनेशिया' या सरकारी साइटवर रोजची लेव्हल दिसते. चार पातळ्या असतात, ब्रोमो दुसरीवर असला की विवराच्या एक किलोमीटरच्या आत जायला मनाई असते, पण म्हणून गावापर्यंतच्या गाड्या काही बंद होत नाहीत. बसमध्ये मॅप चालू ठेवा आणि टर्मिनल दिसेपर्यंत सीट सोडू नका, कंडक्टर कितीही ओरडू दे. सुराबायाहून ट्रेनने आलात तर हा कंडक्टरचा प्रकारच टळतो, स्टेशनवरून शेअर व्हॅनने टर्मिनल गाठायचं. जीप, खोली जे काय ठरवायचं ते वर गावात पोहोचून. मिनीबस भरल्याशिवाय हलत नाही, तास-दोन तास जातात कधीकधी, तेवढ्यात कोणी "आता गाडी नाही" सांगत आला तर खुशाल कॉफी पीत बसा.