फ्रेडरिक डग्लसचं आत्मचरित्र, स्वस्त पेपरबॅक: परिशिष्टच गायब

डग्लस हा अमेरिकेत गुलामीत जन्मलेला आणि तिथून पळून सुटलेला लेखक. पावसाळ्यात ऑनलाइन मागवलेली त्याच्या आत्मचरित्राची ही प्रत दिवाळीपर्यंत टिकली. मग दहाव्या प्रकरणापाशी कणा उकलला आणि पानं सुटी व्हायला लागली. अकरा प्रकरणांत दहावं सर्वांत लांब. गुलामांना 'वठणीवर आणणाऱ्या' कोव्हीशी डग्लसची झटापट तिथेच आहे, त्यामुळे पुस्तक सारखं तिथेच उघडतं आणि नुसत्या गोंदावरची बांधणी ते सोसत नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले. 'परतीची मुदत संपली आहे' हे एकच वाक्य उत्तर म्हणून पुन्हा पुन्हा येत राहिलं. शेवटी ओळखीच्या बाइंडरकडून शिवून घेतलं. ते एक वेळ चालेल.

परिशिष्ट कापलंय, ते मात्र अजिबात चालणार नाही. १८४५ च्या मूळ पुस्तकात शेवटच्या प्रकरणानंतर डग्लस खुलासा करतो: माझा राग गुलाम बाळगणाऱ्यांच्या धर्मावर आहे, ख्रिस्ताच्या नाही. आठवडाभर रक्ताळलेला चाबूक चालवणारा माणूस रविवारी चर्चमध्ये प्रवचन देतो, आणि माणसं विकून चर्च उभी राहतात, हे तो तिथे तोंडावर सुनावतो. खाली सही, लिन, मॅसॅच्युसेट्स, २८ एप्रिल १८४५. ती सहीसुद्धा या प्रतीत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. ती वाचलेल्यांना हा संताप लगेच ओळखीचा वाटेल. किंमत कमी ठेवायची तर कागद हलका वापरा, मुखपृष्ठ साधं ठेवा. लेखकाचं म्हणणं कसलं कापता?

'पळून कसा गेला तेच सांगितलेलं नाही' अशी तक्रार बऱ्याच रिव्ह्यूंमध्ये दिसते. तो दोष या आवृत्तीचा नाही. मदत करणारे अडकतील आणि मागे राहिलेल्यांची वाट बंद होईल, म्हणून त्याने ते मुद्दाम लपवलं. अकराव्या प्रकरणात तसं स्पष्ट लिहिलंय. सविस्तर हकिगत त्याने गुलामी संपल्यावर, १८८१ च्या आत्मचरित्रात दिली. ३ सप्टेंबर १८३८, बाल्टिमोरहून सुटलेली रेल्वे, अंगावर खलाशाचे कपडे, खिशात एका मित्राचा खलाशी परवाना. परवान्यावरचं वर्णन त्याच्याशी जुळत नव्हतं. कंडक्टरने वरचा गरुडाचा शिक्का पाहिला आणि तो पुढे गेला. ॲना मरे या स्वतंत्र कृष्णवर्णीय तरुणीने पैशांची मदत केली होती. काही दिवसांतच न्यूयॉर्कमध्ये दोघांचं लग्न झालं.

दुरुस्तीनंतर पुस्तक परत वाचायला घेतलं आणि या वेळी अकराव्या प्रकरणातल्या पगाराच्या पानांवरच अडकलो. डग्लस गोदीत जहाजाच्या फळ्यांच्या फटी बुजवायचा, दिवसाला दीड डॉलरपर्यंत कमवायचा. आठवड्याची कमाई मालक ह्यू ऑल्डच्या हातात. ऑल्ड पैसे मोजणार, तोंडाकडे रोखून बघणार आणि विचारणार, 'एवढेच?' सहा डॉलर आणले की कधीतरी सहा सेंट परत देणार. डग्लस लिहितो की त्या सहा सेंटांनी उलटाच परिणाम झाला: थोडे देतोय याचा अर्थ सगळ्यावर हक्क माझाच, हे याला पटलेलं आहे. पुढे स्वतः काम शोधायची मुभा मिळाली, पण त्यासाठी आठवड्याला तीन डॉलर ऑल्डला द्यायचे. जेवण, कपडे, हत्यारं स्वतःच्या खर्चाने. पाऊस पडो, काम मिळो न मिळो, तीन डॉलर ठरलेले. घामाच्या पैशाचा हिशोब ठेवणाऱ्या कुणालाही ही पानं चाबकाच्या वर्णनांपेक्षा जास्त लागतील, मला तरी लागली. पळून मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी तो गलबतावर तेलाचा माल चढवायच्या कामाला लागला. मजुरी हिसकावायला शेजारी कुणी उभं नव्हतं, हे तो केवढ्या आनंदाने सांगतो!

कणा उकलला तेव्हा एक तारा दिला होता. आता मजकुराला पाच आणि या आवृत्तीला दोनच. पुस्तक कॉपीराइटमुक्त आहे, इंटरनेटवर पूर्ण मजकूर फुकट मिळतो. मी परिशिष्टाची पानं छापून आणली आणि बाइंडरकडून याच प्रतीत शिवून घेतली. नवीन घेणाऱ्यांनी आधी विक्रेत्याकडून अनुक्रमणिकेचा फोटो मागवावा. अकराव्या प्रकरणाखाली 'ॲपेंडिक्स' दिसलं नाही, तर थोडे जास्त पैसे घालून दुसरी आवृत्ती घ्या.