क्लबच्या गॅदरिंगमध्ये बघून २४०झेड घेताय? आधी ब्लॉकवरचा नंबर वाचा

मॉडिफाइड क्लासिक घ्यायच्या विचारात असाल तर हे पूर्ण वाचा. कार क्लबच्या गॅदरिंगला एक डॅटसन २४०झेड (जुनी जपानी स्पोर्ट्स कार) आली होती आणि गाडी खरंच देखणी, लांबलचक बोनेट, मागे उतरत गेलेलं छप्पर, रुंद फेंडर फ्लेअर, बोनेट उघडलं की तीन वेबर कार्बोरेटर ओळीत, आणि आयडलला असा आवाज की लोक तिथून हलेनात. मालक ज्याला त्याला सांगत होता, मूळचं २.४ लिटरचं इंजिन काढून २.८ लिटरचं एल२८ टाकलंय, त्याचंही ३.१ लिटरचं स्ट्रोकर केलंय (म्हणजे पिस्टनची धाव वाढवून इंजिन आणखी मोठं केलंय), फ्लोअर आणि त्याखालचे आधाराचे रेल नवीन. जुने जाणकार पण कौतुक करत होते.

मी ती गाडी घेतली. थोड्याच दिवसांत धूर मारायला लागली म्हणून इंजिन उघडलं. ब्लॉकच्या उजव्या बाजूला, मागे, हेडच्या जरा खाली नंबर कोरलेला असतो, तिथे रंग आणि ग्रीसचा जाड थर. पुसला तर एल२४, म्हणजे मूळचंच २.४! मापं घेतली, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८३ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७३.७ मिमी, म्हणजे कंपनीतून आलेलं २३९३ सीसी जसंच्या तसं. ३.१ करायला डिझेल एलडी२८ इंजिनाचा ८३ मिमी स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट लागतो आणि बोअर साधारण ८९ पर्यंत न्यावा लागतो, इथे त्यातलं काहीच नाही.

यात ग्यानबाची मेख अशी की एल२४ आणि एल२८ बाहेरून जवळपास सारखेच दिसतात, वेबर आणि मॅनिफोल्ड दोन्हींवर बसतं. म्हणजे गॅदरिंगमध्ये ज्याला आपण वाहवा करतो ते सगळं खरं होतं, आणि पैसे ज्याचे घेतले ते नव्हतंच. चीड येते ती याची.

खालून तर विचारूच नका. अंडरकोटिंग खरवडलं तर रेल गंजून भोकं पडलेले, वर पत्र्याचे तुकडे टाके मारून चिकटवलेले, बॅटरी ट्रेखाली पण गंज, फेंडरवर चुंबक कित्येक ठिकाणी धरतच नाही, आत नुसती पुट्टी. त्यामुळे गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय आणि नंबर स्वतः वाचल्याशिवाय बयाणा देऊ नका, आणि इंजिन कुठलं ते पावतीवर लिहून घ्याच. माझ्या पावतीवर फक्त 'मॉडिफाइड' लिहिलंय आणि मालक आता त्याच एका शब्दावर अडून बसलाय.

तक्रार दिलीय. हे घाईने लिहायचं कारण म्हणजे त्याने आणखी एक झेड विकायला काढलीय, आणि तिचंही इंजिन स्ट्रोकर आहे असंच सांगतोय.