ग्लोबल, पॅरामीटर की कॉपी: पायथनमध्ये यादी कशी हाताळाल?

समजा, नाशिकमधल्या एखाद्या कांदा व्यापाऱ्यासाठी तुम्ही पायथनमध्ये हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिताय. लासलगाव, पिंपळगाव बसवंत आणि मनमाडचे क्विंटलचे भाव याच क्रमाने एका यादीत आहेत: १८००, १५००, २१००. ही यादी फंक्शनपर्यंत, म्हणजे एखादं ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यापर्यंत, पोचवायची कशी?

ग्लोबल, म्हणजे सगळ्या फंक्शनच्या बाहेर, ठेवली तर काम झटपट सुरू होतं. फंक्शनमधून ती वाचता येते, अपेंडही (शेवटी नवा भाव जोडणं) चालतं. पण आत त्याच नावाला नवी यादी दिलीत, की पायथन ते नाव त्या फंक्शनपुरतं लोकल धरतो आणि बाहेरची यादी जशीच्या तशी राहते. 'ग्लोबल' असं आत लिहून हे सुटतं खरं, पण प्रोग्रॅम वाढला की यादी नेमकी कुणी बदलली हे शोधताना नाकी नऊ येतात.

म्हणून लोक पॅरामीटरकडे, म्हणजे फंक्शनला बोलावताना यादी कंसात देण्याकडे, वळतात, आणि खरी फसगत होते ती इथे. फंक्शनला वेगळी यादी मिळत नाही. मूळ यादीलाच आणखी एक नाव मिळतं. मधला भाव काढायला आत 'सॉर्ट' केलंत, म्हणजे यादी चढत्या क्रमाने लावलीत, तर उत्तर १८०० येईल, अगदी बरोबर. पण बाहेरची यादी आता १५००, १८००, २१०० झालेली असेल. लासलगावच्या खात्यात पिंपळगावचा भाव, आणि एरर कुठेच नाही! 'सॉर्ट'ऐवजी 'सॉर्टेड' वापरलंत तर नवी यादी मिळते आणि मूळ यादीला धक्का लागत नाही.

कॉपी देणं त्याहून सुरक्षित वाटतं, पण साधी कॉपी वरच्या थरापुरतीच असते. प्रत्येक बाजाराचे किमान-कमाल भाव आतल्या यादीत असतील, तर त्या आतल्या याद्या सामायिकच राहतात. 'डीपकॉपी' सगळं वेगळं करते, मात्र डेटा मोठा असेल तर वेळ आणि मेमरी दोन्ही खाते.

माझं मत स्पष्ट आहे. एका क्विंटलचे १०० किलो, अशा कधीच न बदलणाऱ्या गोष्टी खुशाल ग्लोबल ठेवा. भाव मात्र पॅरामीटरनेच द्या आणि फंक्शनकडून नवी यादी परत घ्या. आतल्या याद्या बदलायच्या असतील तरच डीपकॉपी. फंक्शनने भावांना हातच लावू नये असं वाटत असेल, तर ते टपलमध्ये, म्हणजे बदलता न येणाऱ्या यादीत, ठेवा: कुणी 'सॉर्ट' लिहिलं, की त्याच ओळीवर एरर येते.